'ब्रह्मदेशाची वीणा' : माघारीची कथा आणि करुणेची सीमा

युद्धसाहित्यात चढाईच्या कथा पुष्कळ आढळतात. माघारीच्या कथा त्या मानाने थोड्या. विजयाची गाथा राज्यकर्त्यांच्या उपयोगी पडते, माघारीची पडत नाही. ब्रह्मदेशाच्या अरण्यांनी मात्र चार वर्षांच्या आत दोन प्रचंड माघारी पाहिल्या. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडल्यावर ब्रिटिश-हिंदी फौज लढत लढत चिंदविन नदी ओलांडून मणिपुरात आली. पुढे १९४४-४५ मध्ये जपानी फौज त्याच मुलखातून उलट दिशेने मागे हटली. या दुसऱ्या माघारीवर मिचिओ ताकेयामा या जपानी लेखकाने 'बिरुमा नो तातेगोतो', म्हणजे 'ब्रह्मदेशाची वीणा', ही कादंबरी लिहिली. १९४७-४८ मध्ये ती 'आकातोंबो' या मुलांच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. १९५६ मध्ये कोन इचिकावा यांनी तिच्यावर चित्रपट काढला व तो जगभर नावाजला गेला. १९६६ मध्ये हॉवर्ड हिबेट यांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रकाशित झाला.

या कथेचा नायक सैनिकाचा गणवेश टाकून भिक्खूचे चीवर धारण करतो. त्यामुळे बौद्ध वाचक व प्रेक्षक तिच्याकडे आपली कलाकृती म्हणून पाहतात. ती श्रेष्ठ आहे याविषयी आमचे दुमत नाही. परंतु तिच्यातील करुणा ही तथागतांनी उपदेशिलेली करुणा आहे काय, हा प्रश्न विचारल्यावाचून तिचा स्वीकार करणे आम्हांस योग्य वाटत नाही.

कथानक थोडक्यात असे आहे. १९४५ चा पावसाळा. कॅप्टन इनोउये यांची तुकडी डोंगर-अरण्यांतून सयामच्या सरहद्दीकडे मागे सरकत आहे. कॅप्टन संगीताचे जाणकार आहेत. त्यांनी सैनिकांना समूहगान शिकविले आहे. मिझुशिमा नावाचा सैनिक ब्रह्मी वीणा वाजवितो. एका खेड्यात शत्रूचा वेढा पडला असता जपानी सैनिक एक जुने घरगुती गीत गाऊ लागतात. मूळ चाल इंग्रजी असल्याने समोरून ब्रिटिश सैनिकही तेच गीत गातात आणि युद्ध संपल्याचे कळते. त्यानंतर मिझुशिमाला एका डोंगरावर अद्याप झुंजत असलेल्या जपानी तुकडीची समजूत घालण्यास पाठविले जाते. ती तुकडी शरणागती नाकारते व तोफांच्या माऱ्याखाली नष्ट होते. जखमी मिझुशिमा बचावतो आणि आपल्या सोबत्यांना गाठण्यासाठी मुडोनच्या युद्धबंदी छावणीकडे चालू लागतो. वाटेत नदीकाठी, रानात, चिखलात त्याला जपानी सैनिकांची कुजलेली प्रेते दिसतात. एका इस्पितळात इंग्रज परिचारिका अज्ञात जपानी सैनिकाला प्रार्थनागीत गाऊन मूठमाती देताना तो पाहतो आणि त्याचे मन पालटते. तो मायदेशी परत न जाता मृतांचे अंत्यसंस्कार करीत ब्रह्मदेशातच राहतो.

या कथेचे सामर्थ्य कशात आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. सतिपट्ठान सुत्तात स्मशानातील प्रेताच्या नऊ अवस्थांवर चिंतन करण्यास सांगितले आहे. फुगलेले प्रेत, पशुपक्ष्यांनी खाल्लेले प्रेत, विखुरलेली हाडे, शेवटी हाडांची भुकटी. आणि प्रत्येक वेळी आपलाही देह याच धर्माचा आहे ही जाणीव. इचिकावांच्या कृष्णधवल चित्रणात ही जाणीव उपदेशाविना प्रेक्षकापर्यंत पोहोचते. दुसरे असे की, मिझुशिमा भिक्खू होतो तो स्वतःच्या मुक्तीसाठी नव्हे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खूविषयी एक मूलगामी प्रश्न उपस्थित केला आहे. भिक्खू हा केवळ परिपूर्ण मानव व्हावा की समाजाचा सेवक व्हावा? सेवक भिक्खूवरच त्यांची आशा होती. मिझुशिमा हाती फावडे घेतो, तेव्हा तो या सेवक भिक्खूच्या जवळ येतो.

विनयाची कसोटी

चित्रपटात मिझुशिमाची शुश्रूषा एक ब्रह्मी भिक्खू करतो. त्या उपकारकर्त्याचेच चीवर चोरून मिझुशिमा निघतो. लोक त्याला खरा भिक्खू समजून दान देतात. विनयपिटकाच्या महावग्गात चोरीने संघात वावरणाऱ्या मनुष्याला 'थेय्यसंवासक' म्हटले असून त्याला उपसंपदा निषिद्ध आहे. शिवाय नृत्य, गीत व वादन यांपासून विरती हे श्रामणेराच्या दहा शीलांपैकी एक आहे. तेव्हा चीवरधारी मनुष्य वीणा वाजवितो, हे ब्रह्मी उपासकाला खटकल्यावाचून राहणार नाही. संगीत बौद्ध परंपरेला परके आहे, असे याचा अर्थ नव्हे. सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख गंधर्व भगवंतांसमोर वीणा वाजवितो. परंतु पञ्चसिख भिक्खू नाही.

याहून महत्त्वाचा प्रसंग महावग्गातच आहे. मगधाच्या सीमाप्रांतात बंड झाले असता बिंबिसाराचे काही योद्धे, युद्धात पाप घडते या जाणिवेने, संघात येऊन प्रव्रजित झाले. राजाने तक्रार केली आणि राजसेवेतील मनुष्यास प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. सैनिक आणि चीवर यांचा प्रश्न असा अडीच हजार वर्षांचा जुना आहे. बिंबिसाराचे ते योद्धे मारण्यास नकार देऊन संघाकडे आले होते. मिझुशिमा युद्ध संपल्यावर आला. बाबासाहेबांच्या ग्रंथातील सिद्धार्थ तर रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध पुकारले जात असतानाच विरोधासाठी उभा राहतो व परिव्रज्या स्वीकारतो. युद्धापूर्वीचा त्याग आणि युद्धानंतरचा त्याग यांत जे अंतर आहे, त्याविषयी कादंबरी काहीच बोलत नाही.

कारणाविना दुःख

जगात इतके दुःख का, असा प्रश्न मिझुशिमा आपल्या अखेरच्या पत्रात विचारतो. आणि त्याचे उत्तर मनुष्याच्या बुद्धीला सापडणार नाही, अशा निष्कर्षाला येतो. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. दुःख आहे एवढेच सांगून तथागत थांबले नाहीत. दुःखाला कारण आहे, हे त्यांचे दुसरे आर्यसत्य आहे. ब्रह्मदेशातील त्या प्रेतांना तर अगदी लौकिक व शोधता येण्याजोगी कारणे होती.

१९४४ च्या मार्चमध्ये जनरल रेन्या मुतागुची यांनी सुमारे ८५ हजार सैनिक इंफाळ-कोहिमावर घातले. बरोबर अन्न होते सुमारे तीन आठवड्यांचे. मागून रसद येण्याची सोय नव्हती. अन्नासाठी म्हणून हाकत नेलेली गुरे नद्या-डोंगर ओलांडताना मोठ्या संख्येने मेली. कोहिम्यावरील डिव्हिजनचे सेनापती कोतोकू सातो यांनी मे महिन्याच्या अखेरीस, सैनिक उपाशी मरत आहेत हे पाहून, हुकूम नसताना माघार घेतली. त्यांना पदच्युत करण्यात आले. लष्करी न्यायालयात सत्य बाहेर येऊ नये म्हणून त्यांचे मन ठिकाणावर नाही असे ठरविण्यात आले. मोहीम जुलैत थांबली. ती मोहीम व तिच्यानंतरची माघार यांत मिळून सुमारे ३० हजार सैनिक प्राणास मुकले. त्यांतील पुष्कळसे भुकेने व रोगाने गेले. माघारीच्या त्या वाटेला जपानी सैनिकांनीच 'पांढऱ्या हाडांचा रस्ता' हे नाव दिले.

ज्या माणसाने सैनिकांना जगविण्यासाठी पाऊल मागे घेतले तो वेडा ठरला आणि ज्यांनी त्यांना पाठविले ते शहाणे ठरले! एवढी सामग्री इतिहासात असताना कादंबरीतील माघार पावसासारखी आभाळातून कोसळते. ती कोणी ओढवून आणली, हे कळत नाही. जपानमधील बौद्ध पंथांनी या युद्धाला आशीर्वाद दिले होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. सोतो झेन पंथाने त्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली ती १९९२ मध्ये. कारणांकडे पाठ फिरविणारी शोकभावना कितीही निर्मळ असली, तरी ती अशा संस्थांना अडचणीची ठरत नाही.

कोणाची हाडे?

मिझुशिमा ज्यांना मूठमाती देतो ते त्याचे देशबांधव आहेत. ज्या दृश्याने त्याला जागे केले, त्यात मात्र इंग्रज परिचारिका शत्रूच्या सैनिकाचा अंत्यविधी करीत होत्या. त्यांनी ओलांडलेली सीमा तो ओलांडत नाही. ज्या मुडोनकडे तो चालत जातो, त्याच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर थानब्यूझायात आहे. जपान्यांनी १९४२-४३ मध्ये बांधून घेतलेल्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचे हे ब्रह्मदेशाकडील टोक. त्या कामावर सुमारे १३ हजार युद्धबंदी मेले. त्यांखेरीज मेलेल्या आशियाई मजुरांची संख्या ८० हजार ते १ लाख मानली जाते. त्यांत ब्रह्मी होते, मलायाच्या रबराच्या मळ्यांवरून नेलेले तमिळ होते. या मळ्यांवरील तमिळ मजुरांत अस्पृश्य मानलेल्या जातींची माणसे पुष्कळ होती. युद्धबंद्यांसाठी थानब्यूझायातला नीटनेटकी दफनभूमी आहे, दगडावर नावे आहेत. मजुरांच्या वाट्याला तसे काही आले नाही. ज्या नायकाची करुणा सबंध कथेचा प्राण आहे, त्याच्या फावड्याला ही हाडे लागत नाहीत. वाचक म्हणून आम्हांस येथे थांबावेच लागते. कारण ती हाडे आमच्यासारख्यांची आहेत.

ब्रह्मी जनतेचे चित्रणही याच पठडीतले आहे. ताकेयामा ब्रह्मदेशात कधी गेले नव्हते. त्यांनी कथेसाठी प्रथम चीनचा विचार केला होता; परंतु जपानी व चिनी सैनिकांना ठाऊक असेल असे समान गीत सापडेना, म्हणून समोर ब्रिटिश असलेला ब्रह्मदेश निवडला. अर्थात ब्रह्मदेश आला तो इंग्रज गीतासाठी! १९४५ च्या मार्चमध्ये ब्रह्मी सेना जपान्यांविरुद्ध उठली, याचा येथे मागमूस नाही. चित्रपटात ठळकपणे बोलणारी ब्रह्मी व्यक्ती म्हणजे एक फेरीवाली म्हातारी. तिचे कामही जपानी अभिनेत्रीने केले आहे. कादंबरीत तर मिझुशिमा नरभक्षक रानटी टोळीच्या हाती सापडतो. इचिकावांनी हा भाग गाळला, हा त्यांचा विवेक.

या संदर्भात एक तुलना उद्बोधक ठरते. शोहेई ओओका हे फिलिपाइन्समध्ये युद्धबंदी झालेले लेखक. त्यांच्या 'नोबी' या १९५२ च्या कादंबरीत लेयते बेटावरील माघार आहे, आणि तेथे भुकेने माणूस खाण्याच्या थराला जातात ते जपानी सैनिक. इचिकावांनीच १९५९ मध्ये तिच्यावरही चित्रपट काढला. अरण्यातील माघार काय असते, हे ज्याने भोगले त्याने नरभक्षक स्वतःच्या तुकडीत पाहिला. ज्याने केवळ कल्पिले त्याने तो आदिवासींत पाहिला. वनात राहणाऱ्यांवर रानटीपणा लादण्याची ही रीत आपल्या देशातील वाचकाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

निष्कर्ष

एवढे दोष दाखवूनही ही कलाकृती टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. पराभूत व सेन्सॉरखालील देशात, मुलांसाठी लिहिताना, शौर्याऐवजी मृतांच्या ऋणाची आठवण करून देणे हे लहान काम नव्हते. मिझुशिमाने उचललेले पहिले पाऊल खरे आहे. मात्र मेत्तेला कुळाची, जातीची वा राष्ट्राची सीमा नसते, आणि कारणांचा शोध न घेणारी करुणा अर्ध्या वाटेवरच थांबते.

ब्रह्मदेश आमच्यासाठी केवळ एखाद्या कथेची पार्श्वभूमी नाही. १९५४ च्या डिसेंबरमध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांना धम्मदीक्षा देणारे महास्थविर ऊ चंद्रमणी हे मूळचे अराकानचे. ज्या भूमीशी आमचे असे नाते आहे, त्या भूमीतील माघारीची कथा वाचताना अभ्यासकांनी दोन प्रश्न जवळ बाळगावेत. हे दुःख कोणी निर्माण केले? आणि ज्यांना कोणी मूठमाती दिली नाही, ते कोण होते? मिझुशिमाची वीणा ऐकून डोळे ओले झाले तर त्यात कमीपणा नाही. परंतु हे दोन प्रश्न विचारल्यावाचून ते डोळे पुसले जाऊ नयेत.