झाकलेले सहा आकडे

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानदाराला, किंवा त्याच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या कंपनीला, ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक आपल्या संगणकात साठवता येत नाही. त्याऐवजी ‘टोकन’ ठेवायचे असते. मुदत तीनदा वाढवून का होईना, नियम लागू झाला हे चांगलेच झाले. आमची तक्रार नियमाबद्दल नाही, तो समजावून सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे; कारण तीच पद्धत पुढे वर्गात उतरते.

‘टोकन म्हणजे सांकेतिक रूपात बदललेला कार्ड क्रमांक’ अशी व्याख्या सर्रास दिली जाते. ही तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. कूटलेखनात क्रमांक किल्ली वापरून बदलतात आणि किल्ली असेल तर तो परत मिळतो. ‘हॅश’ हे एकाच दिशेने जाणारे गणित आहे. उत्तरावरून मूळ संख्येकडे उलटे जाता येत नाही. टोकनाचे तसे नाही. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीच्या थप्पीला क्रमांक पडतो. त्या क्रमांकाची कितीही आकडेमोड केली तरी शेतकऱ्याचे नाव निघणार नाही, त्यासाठी आडत्याची वहीच उघडावी लागेल. आणि तो क्रमांक घेऊन कोणी वसमतच्या बाजारात गेला तर तिथे त्याला काहीच अर्थ नाही. टोकन असेच एका कार्डासाठी आणि एकाच दुकानापुरते असते. वही असते ती कार्ड देणाऱ्या बँकेकडे किंवा रुपे, व्हिसा यांसारख्या संस्थेकडे. चोराला दुकानात कुलूप तोडूनही ऐवज सापडत नाही. नियमाचे खरे मर्म हे आहे, आणि नेमके तेच सांगायचे राहून जाते.

या गोंधळाने नुकसान काय होते? ‘हॅश उलटवता येत नाही, म्हणून तो सुरक्षित’ हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात. कार्ड क्रमांकाच्या बाबतीत ते खोटे ठरते, आणि त्याचा पुरावा आठवीच्या गणितात आहे. क्रमांक बहुधा १६ आकडी. विदागारात पहिले ६ आणि शेवटचे ४ आकडे उघडे ठेवून मधले ६ झाकण्याची प्रथा आहे. सहा आकड्यांचे पर्याय १० लाख. पण शेवटचा आकडा तपासणीचा असतो. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५४ साली पेटंटसाठी मांडलेली ही युक्ती अशी : उजवीकडून एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा, दुप्पट ९ पेक्षा मोठी आली तर ९ वजा करायचे, सर्वांच्या बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. ५८२४८ ही संख्या घ्या. ८, ८, २, ७, ५ यांची बेरीज ३०, म्हणजे संख्या बरोबर. या चाळणीतून दहापैकी एकच पर्याय खाली उतरतो, म्हणजे उरले १ लाख. चोराला हॅश उलटवायचाच नाही! लाखाचे लाख क्रमांक त्याच गणितातून काढून जुळणारा कोणता ते पाहायचे. साधा हॅश असेल तर घरच्या संगणकालाही याला एक सेकंद पुरतो.

ही भीती कागदावरची नाही. बेंगळुरूच्या जसपे कंपनीच्या विदागारात ऑगस्ट २०२० मध्ये चोरी झाली. झाकलेले क्रमांक आणि कार्डाचा ‘ठसा’ असलेल्या सुमारे साडेतीन कोटी नोंदी गेल्याचे कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये मान्य केले. पूर्ण क्रमांक वेगळ्या ठिकाणी होते, ते गेले नाहीत, असेही तिने सांगितले. पण अशा वेळी पहिला प्रश्न हाच हवा की ठसा कसा काढला होता. ‘पीसीआय डीएसएस’ या जागतिक मानकाने ३१ मार्च २०२५ पासून गुप्त किल्ली मिसळलेलाच हॅश सक्तीचा केला, तो याच कारणाने. कार्डामागचे तीन आकडे तर व्यवहार मंजूर झाल्यावर कूटलिपीतही ठेवू नयेत असे हे मानक सांगते. अवघे हजार पर्याय, दुसरे काय!

क्रमांक लपवला की सगळे भागले असेही नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेत ११ ऑगस्ट २०१८ रोजी चोरांनी एटीएमना होकार देणारी यंत्रणाच बगलेत टाकली आणि बनावट कार्डांनी २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये उचलले.

आणि आपल्याकडचे काय? किसान क्रेडिट कार्ड योजना १९९८ ची, हिंगोली जिल्हा १ मे १९९९ चा. योजना जिल्ह्याहून वडील. आता हे कार्ड रुपेचे असते आणि खत-बियाण्याच्या दुकानातील यंत्रावर चालते. टोकनाचा नियम दुकानदाराच्या कागदी वहीपर्यंत मात्र पोचत नाही. ‘पुन्हा पुन्हा कशाला आणता’ म्हणून एखाद्याने कार्ड क्रमांक आणि पिन शेजारी शेजारी लिहून घेतले, तर तेही एक विदागारच झाले, आणि त्याला ना किल्ली ना कुलूप. या वहीविषयी माहितीपर लेखांत ओळही नसते. वर्गात सुरुवात या वहीपासून करावी असे आम्ही सुचवतो. मग फळ्यावर ५८२४८ लिहून कोणतेही दोन आकडे झाकावेत; शंभराऐवजी दहाच पर्याय कसे उरतात ते मुले तासाभरात शोधतील. त्यासाठी घरून कार्ड आणायला मात्र सांगू नये.