‘सगळे देश’ म्हणजे किती देश?

संख्याशास्त्राचा तास रंगतो तो खरे आकडे हाती आल्यावर. ‘आर’ ही संगणकभाषा त्यासाठी सोयीची आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतर ती रचली आणि ती विनामूल्य मिळते. तिच्यासाठी लिहिलेल्या ‘मॉर्टॅलिटी लॉज’ या संचात ‘रीड एचएमडी’ हे एक फंक्शन आहे. ‘ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेस’ या भांडारातून ते मृत्यूविषयक आकडे आणून देते. हे भांडार बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि जर्मनीतील रोस्टॉकची माक्स प्लांक संस्था यांनी उभारले. २००२ पासून ते खुले आहे; फक्त नाव नोंदवावे लागते.

फंक्शनचा उपयोग सोपा आहे. मृत्युदर हवा की जीवनसारणी, कोणत्या देशांची, वयाचे व वर्षांचे गट केवढे, एवढे सांगितले की सारे देश एकाच साच्याच्या तक्त्यात येतात. स्वीडनचे आकडे तर १७५१ पासून आहेत. १७७३ च्या दुष्काळाचा फटका आलेखावर विद्यार्थ्याला स्वतः शोधता येतो. एवढे श्रम वाचवणाऱ्या साधनाचे स्वागतच केले पाहिजे.

अडचण सुरू होते ती देशांची नावे न दिल्यास. तेव्हा फंक्शन ‘सगळे देश’ आणते. पण या यादीतली प्रत्येक नोंद म्हणजे स्वतंत्र देश नव्हे. जर्मनी तीनदा येतो : पूर्व, पश्चिम आणि १९९० पासून एकत्रित. ब्रिटनबरोबर इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड वेगळे येतात. फ्रान्सच्या दोन नोंदी आहेत, एक संपूर्ण लोकसंख्येची आणि दुसरी फक्त नागरी लोकांची. १९१४ ते १९१८ मधील तरुण पुरुषांचे मृत्युदर या दोहोंत फार वेगळे दिसतात, कारण एकीत रणांगणावरचे मृत्यू आहेत, दुसरीत नाहीत. सर्व नोंदींची सरळ सरासरी काढणारा विद्यार्थी जर्मनीला तीनदा मोजेल आणि संगणक त्याला अडवणार नाही.

याहून मोठी उणीव फंक्शनची नाही, भांडाराची आहे. पण फंक्शनमुळे ती झाकली जाते. ज्यांची जन्ममृत्यूंची नोंदणी आणि जनगणना जवळजवळ पूर्ण आहे, असेच देश येथे घेतात. शास्त्रीयदृष्ट्या हा नियम योग्यच आहे. परिणामी सुमारे ४० देश उरतात. त्यांत बहुतेक युरोपचे. आशियातून जपान, दक्षिण कोरिया असे मोजके. भारत त्यात नाही.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे उदाहरण घ्या. या आकड्यांवरून काढलेल्या ‘जागतिक’ आलेखात स्वीडन, डेन्मार्क दिसतील. परंतु जून १९१८ मध्ये ज्या मुंबईत साथ शिरली आणि ज्या भारतात सव्वा कोटी किंवा त्याहून अधिक माणसे गेली असे अनेक अंदाज सांगतात, त्यांचा मागमूसही नसेल. १९११ ते १९२१ या दशकात आपली लोकसंख्या घटली, हे जनगणनेत नोंदलेले आहे. म्हणजे जेथे मृत्यू सर्वाधिक, तेथलीच जागा रिकामी! मृत्यूची नीट नोंद ठेवणे हे संपन्नतेचेही लक्षण असते. म्हणून नोंद असलेल्या देशांवरून साऱ्या जगाविषयी अनुमान काढणे म्हणजे वर्गात हजर असलेल्यांची उंची मोजून गैरहजर मुलांची सांगणे होय.

तरीही हे फंक्शन वर्गात जरूर वापरावे, मात्र देशांची नावे स्वतः निवडून. भारतासाठी नमुना नोंदणी पद्धतीच्या जीवनसारण्या आहेत; ही पद्धत १९६९-७० पासून देशभर चालू झाली. तिच्यातून केरळ आणि महाराष्ट्र यांची तुलनाही करता येते. आणि आलेख काढण्यापूर्वी, पहिल्याच तासाला, आलेल्या यादीत भारत कोठे आहे ते मुलांना शोधायला सांगावे. तो का सापडत नाही, यावरची चर्चा कोणत्याही आलेखाहून अधिक शिकवील.