जागा कोणी नाकारली?

गेल्या नाताळात बेळगावातील एका शाळेच्या पटांगणात ख्रिस्तजन्माचा एक निराळा नाट्यप्रयोग पाहण्याचा योग आला. ‘पाहण्याचा’ म्हणणे तसे चूकच, कारण येथे प्रेक्षकांस खुर्च्या नव्हत्या. आम्ही सहकुटुंब आत पाऊल टाकताच रोमी शिपायांच्या वेषातील तरुणांनी आम्हांस रांगेत उभे केले, वहीत नावे लिहिली, मूळ गाव विचारले आणि बेथलेहेमच्या वाटेला लावले. वाटेत बाजार होता, शेकोटीभोवती मेंढपाळ होते, मेंढरांच्या जागी शेरडे होती. सासूबाईंना चालवेना, म्हणून मेंढपाळांनी त्यांना शेकोटीजवळ बसवून घेतले. शेवटी मुलांनी मूठमूठ गवत गव्हाणीत घातले.

प्रयोगातील नावनोंदणीचा प्रवेश विशेष उल्लेखनीय वाटला. वहीपुढे तिष्ठत उभे राहिल्यावर लूकने औगुस्त कैसराचे नाव आरंभीच का घातले, हे जे प्रवचनाने कळत नाही ते पायांना कळले.

तथापि एका प्रवेशाविषयी आमचा आक्षेप आहे, आणि तो किरकोळ नाही. उतारशाळेचा मालक हे पात्र विनोदी होते. मरिया व योसेफ दाराशी आले, त्याने हातवारे करीत नकार दिला आणि सूत्रधाराच्या खुणेसरशी सारी मुले ओरडली, “जागा द्या! जागा द्या!” पटांगण हास्याने भरून गेले. नकार देणारा एकटा तो नट आणि न्यायाच्या बाजूस आम्ही सारे! हेरोदास तर, मुले भितील म्हणून, वगळलेच होते. ज्या सहभागात पाप करावयास कोणी उरत नाही, तो कसला सहभाग?

वस्तुतः लूकच्या शुभवर्तमानात असा मालक नाहीच. ज्या ठिकाणी जागा नव्हती, त्यासाठी लूक ‘काटालूमा’ हा ग्रीक शब्द योजतो. त्याचा अर्थ पाहुण्यांची खोली असा होतो. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातील धंदेवाईक धर्मशाळेसाठी त्याने निराळा शब्द वापरला आहे. म्हणजे ‘जागा नाही’ ही वेळ कोणा लोभी दुकानदाराच्या नव्हे, तर बहुधा नात्यागोत्याच्या भरल्या घरात आली असावी. मालक आपण निर्माण केला. दोष ठेवावयास कोणीतरी हवाच असतो.

मेक्सिकोतील ‘पोसादास’ या प्रथेतही नकार आहे, परंतु तो लोकांच्याच मुखी दिला आहे. 16 ते 24 डिसेंबर अशा नऊ रात्री लोक दारोदार फिरतात. अर्धे बाहेर उभे राहून गीतात आसरा मागतात, अर्धे घरात राहून गीतातच नाकारतात. अखेरीस दार उघडते, ते नाकारणाऱ्यांच्याच हातांनी. पश्चात्ताप म्हणजे याहून वेगळे काय?

आमच्या पटांगणातील शेवट मात्र गव्हाणीपुढे मोबाईलवर छायाचित्र काढून घेण्याच्या रांगेत झाला. 1223 साली इटलीतील ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिसने गव्हाण, गवत, बैल व गाढव मांडले, तेव्हा त्या गव्हाणीवरच मिस्सा अर्पण झाली आणि लोक देखाव्याकडून भाकरीकडे गेले. हा क्रम लूकलाही मान्य असावा. कारण काटालूमा हाच शब्द तो पुन्हा योजतो, तो शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी. ज्याच्यासाठी त्या खोलीत जागा नव्हती, तोच शेवटी तेथे यजमान होतो.

येथे आम्हांस स्वतःविषयी लिहिणे प्राप्त आहे. त्याच आठवड्यात ऊसतोडीला आलेल्या एका कुटुंबाने, दोन लहान मुले बरोबर असताना, मंडळीच्या सभागृहाचा ओटा चार रात्रींसाठी मागितला होता. रंग नुकताच दिला आहे, नाताळचे कार्यक्रम तोंडावर आहेत, समितीस विचारावे लागेल, असे आम्ही सौम्य शब्दांत सांगितले. समिती बसली तेव्हा ते कुटुंब तेथे नव्हते. पटांगणात मात्र “जागा द्या!” म्हणणाऱ्यांत आमचा आवाज मुलांच्याहून मोठा होता. घरी परतताना त्या रिकाम्या ओट्यावरून आम्ही गेलो; तेव्हा कोठे नाटक आम्हांस भिडले.

म्हणून आपापल्या मंडळीत असे प्रयोग बसविणाऱ्या पाळकांस व धर्मशिक्षकांस आमची सूचना आहे. प्रयोग अवश्य करा. मुले त्यातून शिकतात आणि मोठेही. परंतु अर्ध्या प्रेक्षकांस दाराच्या आत उभे करा, नकाराचे शब्द त्यांना स्वतः उच्चारू द्या आणि दारही त्यांनाच उघडू द्या. शेवट छायाचित्राने नव्हे, उपासनेने करा. आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी सभागृहाची किल्ली कोणाकडे आहे, हे एकदा पाहून ठेवा.