‘वापरलेली मेमरी’ : एका आकड्याचे समीक्षात्मक वाचन

प्रस्तुत लेखाचा विषय भाषेच्या अध्यापकाने हाती घ्यावा असा प्रथमदर्शनी वाटणार नाही. प्रोग्रॅम चालू असताना त्याला मेमरी पुरविणारी, नको झालेली मेमरी परत घेणारी आणि एकूण व्यवहारावर देखरेख ठेवणारी जी यंत्रणा असते तिला प्रोग्रॅमिंग भाषेचा ‘रनटाइम’ म्हणतात. हा रनटाइम स्वतःच्या कारभाराविषयी सतत काही आकडे देत असतो. मेमरी किती वापरली, साफसफाईस किती वेळ गेला, इत्यादी. आकडा हेही एक विधानच होय, आणि विधानाचे वाचन हे आमचे काम आहे. म्हणून हा प्रपंच.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त असे घडले. एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी जावा भाषेत प्रोग्रॅम तयार करण्यात आला. कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यातील करजगीसारख्या सीमेवरच्या गावांतून येणाऱ्या मुलांची नावे कन्नड, मराठी, उर्दू अशा लिप्यांत घरी लिहिली जातात. तशीच ती नोंदीतही असावीत असा आग्रह होता. प्रोग्रॅम संथ चालू लागला. तेव्हा तो तयार करणाऱ्या तरुणाने पडद्यावरील मेमरीचा चढता आलेख दाखवून सांगितले, “सर, ह्या लिप्या फार मेमरी खातात. नावं इंग्रजीतच ठेवू.” आलेख समोर असल्यामुळे कोणी वाद घातला नाही. नावे रोमन लिपीत गेली आणि ‘ते’ की ‘तोए’, ‘सीन’ की ‘सुआद’ हा भेद त्यांच्याबरोबर गेला. प्रोग्रॅम मात्र पूर्वीइतकाच संथ राहिला.

तो आलेख खोटा नव्हता. त्याचे वाचन खोटे होते.

इल्मे हदीसमध्ये मजकुराच्या म्हणजे ‘मतन’च्या आधी ‘सनद’ तपासण्याची परंपरा आहे. हे कथन कोणी केले, कोणाकडून ऐकून केले, तो रावी कसा होता, हे प्रश्न प्रथम येतात. मेमरीच्या आकड्याला हीच कसोटी लावून पाहिली तर काय दिसते? येथे रावी स्वतः रनटाइमच आहे. ज्याची परीक्षा चालली आहे तोच साक्ष देतो. २००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत अशा साक्षीची पद्धतशीर सोय झाली. तिच्यात मेमरीविषयी चार आकडे मिळतात : आरंभी मागितलेली, वापरलेली, ऑपरेटिंग सिस्टिमकडून हमीने मिळालेली आणि कमाल मर्यादेची. टास्क मॅनेजरमध्ये दिसणारा आकडा यांपैकी एकाशीही तंतोतंत जुळत नाही, कारण त्यात जावाच्या ‘हीप’बाहेरचा खर्चही धरलेला असतो. आमच्या महाविद्यालयांत हे पाचही आकडे ‘मेमरी’ या एकाच नावाने ओळखले जातात. अर्ध्या गैरसमजाचे मूळ तेथेच आहे.

त्यातही ‘वापरलेली’ हा शब्द सर्वांत फसवा. वापरात असलेली वस्तू आणि वापरून टाकलेली पण अद्याप उचलली न गेलेली वस्तू, या दोन्ही त्या एका आकड्यात मोजल्या जातात. टाकून दिलेली मेमरी आपोआप गोळा करण्याची कल्पना जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी मांडली व १९६० साली प्रसिद्ध केली. तिचे ‘गार्बेज कलेक्शन’ हे नाव आता रूढ झाले आहे. हा कचरा क्षणोक्षणी उचलला जात नाही, साचला की उचलला जातो. त्यामुळे निरोगी प्रोग्रॅमचा आलेखही करवतीच्या दातांसारखा चढतो आणि एकदम उतरतो. चढत्या दातावर बोट ठेवून ‘मेमरी संपत चालली’ असे म्हणणे म्हणजे झाडलोटीच्या आधी अंगण पाहून घर घाणेरडे ठरविणे. पाहावयाची असते ती दातांच्या तळाची रेषा, म्हणजे प्रत्येक सफाईनंतर उरलेली मेमरी. ती रेषाच वर चढत असेल तर चिंतेचे कारण आहे. आम्ही पुढे त्या प्रोग्रॅमचा आलेख जेकन्सोल या साधनात उघडला व सफाईची कळ दाबली, तेव्हा तो निम्म्याहून खाली आला आणि तळाची रेषा जवळजवळ आडवी निघाली.

(मेमरीला मराठीत ‘स्मृती’ आणि उर्दूत ‘याददाश्त’ किंवा ‘हाफ़िज़ा’ म्हणताना हा कचऱ्याचा भाग नजरेआड होतो, अशी मला शंका आहे. हाफ़िज़ा म्हटले की जपलेले तेवढेच डोळ्यांपुढे येते.)

आता लिपीवरील मूळ आरोप. त्यात तथ्यांश आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. ‘करजगी’ हे नाव देवनागरीत लिहिताना युनिकोडचे ५ संकेत लागतात : चार व्यंजने आणि एक वेलांटी. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट घेतो, म्हणून १५ बाइट. कन्नडमध्येही १५. उर्दूत पाच हुरूफ, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे १०. रोमन लिपीत सात अक्षरे आणि सातच बाइट. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, पण संकेत १० आणि बाइट ३०. भारतीय मानक म्हणून १९९१ साली स्वीकारलेल्या इस्की पद्धतीत हेच ‘करजगी’ ५ बाइटांत बसत असे. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रामुळे ती पद्धत अनेक कार्यालयांत पोहोचली होती. तेव्हा वजन लिपीच्या अंगी नाही, संकेतन ठरविणाऱ्यांच्या निवडीत आहे. अर्थात जगातील सर्व लिप्या एकत्र नांदविण्याची ती किंमत आहे आणि ती मला मान्य आहे. इस्कीकडे परत जावे असे मी म्हणणार नाही.

रनटाइमच्या आतील हिशेब आणखी निराळा आहे. जावामध्ये पूर्वी प्रत्येक अक्षरसंकेत, मग तो रोमन असो वा देवनागरी, २ बाइट घेत असे. २०१७ साली नवव्या आवृत्तीत बदल झाला : मजकूर केवळ लॅटिन-१ संचातील असेल तर तो १ बाइटात ठेवावा, एरवी २ मध्ये. बहुतेक प्रोग्रॅमांतील बहुतेक मजकूर लॅटिन-१ मध्येच बसतो, हे त्यामागील कारण होते. कोणाचे प्रोग्रॅम, हा प्रश्न येथे विचारता येईल. परंतु न्यायाने बोलावयाचे तर आपले वजन त्या दिवशी वाढले नाही, शेजाऱ्याचे उतरले. एक बारकावा मात्र आमच्यासारख्या बहुभाषिक नोंदींना लागू पडतो. लांबलचक इंग्रजी मजकुरात देवनागरीचे एकच अक्षर आले तरी तो संपूर्ण मजकूर २ बाइटांच्या हिशेबात जातो. म्हणून सर्व लिप्यांतील नावे एकाच लांब ओळीत जोडून ठेवण्यापेक्षा वेगवेगळ्या रकान्यांत ठेवणे बरे.

पायथनमध्ये २०१२च्या ३.३ आवृत्तीपासून जवळपास हाच न्याय आहे. तेथे ३.११ या आवृत्तीत ६४ बिटांच्या यंत्रावर रोमन लिपीतील एका अक्षराच्या मजकुराला ५० बाइट आणि ‘अ’ला ७६ बाइट असे उत्तर मिळते. विद्यार्थी ते पाहून दचकतात. पण या २६ बाइटांच्या फरकातील २४ बाइट मजकुराच्या शीर्षनोंदीचे आहेत. अक्षर आणि शेवटची खूण मिळून खरा फरक दोनच बाइटांचा. पुढच्या आवृत्तीत ही शीर्षनोंद लहान करण्यात आली आणि ‘अ’चे वजन उतरले. लिपी तीच होती.

आता मूळ आरोपाला गणिताने उत्तर देऊ. पाचशे विद्यार्थी, प्रत्येकाच्या नावात वीस संकेत. रोमनमध्ये १०,००० बाइट, देवनागरीत २०,०००. चार जीबीच्या यंत्रावर जावा स्वतःसाठी साधारणपणे एक जीबीची कमाल मर्यादा धरते. तिच्यापुढे दहा हजार बाइट म्हणजे विहिरीत ओंजळ. मग संथपणा कोठून आला? प्रोग्रॅममध्ये यादी तयार करताना प्रत्येक फेरीत जुन्या मजकुराला नवे नाव जोडले जात होते. जावातील मजकूर बदलता येत नाही, त्यामुळे प्रत्येक जोडणीला संपूर्ण मजकुराची नवी प्रत तयार होते आणि जुनी कचऱ्यात जाते. पाचशेव्या नावापाशी आधीच्या ४९९ नावांची पुन्हा नक्कल. सर्व कोष्टके मिळून हे काम सारखे चालले होते. जोडणीसाठी असलेला स्ट्रिंगबिल्डर वापरताच संथपणा गेला, तोही तिन्ही लिप्या परत आणून.

वेळेच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. रनटाइम सफाईचा एकूण वेळ व फेऱ्या देतो. शंभर फेऱ्यांना १,००० मिलिसेकंद लागले तर सरासरी १० येते. त्यात एखादी फेरी ४०० ची असू शकते, आणि खिडकीवर उभ्या असलेल्या मुलाला तेवढीच जाणवते. शिवाय जावा प्रथम संथ चालते आणि वारंवार लागणारा भाग चालता चालता यंत्रभाषेत आणते. म्हणून पहिल्याच फेरीची वेळ नोंदवून दिलेला निकाल ग्राह्य धरू नये. मोजणीचाही भार असतो. पायथनमधील ट्रेसमॅलॉक हे साधन प्रत्येक वाटपाचे मूळ सांगते, पण त्यासाठी स्वतः मेमरी घेते आणि प्रोग्रॅम मंदावते. नस्तालीक़ अक्षरांची जुळणी दाखविण्याचा खर्च हा तर वेगळाच विषय. तो पडद्यावर चित्र काढण्याचा खर्च आहे, नावे साठविण्याच्या खात्यात तो घालू नये.

आमच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत आता मेमरीच्या प्रत्येक आकड्यापुढे चार रकाने आखलेले असतात : कोणत्या साधनाने घेतला, चारांपैकी कोणता आकडा, सफाईपूर्वीचा की नंतरचा, आणि प्रोग्रॅम किती वेळ चाललेला असताना. पहिल्या सत्रात मुले तिसरा रकाना हटकून रिकामा सोडतात. त्या महाविद्यालयातील नोंदी पुन्हा तीन लिप्यांत आल्या आहेत. मधल्या काळात केवळ रोमनमध्ये भरलेली नावे मात्र प्रवेशअर्जांच्या मूळ कागदांवरून एकेक करून दुरुस्त करावी लागत असून ते काम अद्याप पूर्ण झालेले नाही.