कुलपातला कॅमेरा

अड्याळला बोलावलंत, विषयही तुम्हीच दिलात. लहान महाविद्यालयात चित्रपट आणि माध्यमांचा अभ्यासक्रम सुरू करायचा तर काय काय लागतं, हा तो विषय. सोबत वस्तूंची यादीही पाठवली होती. हिरवा पडदा, दोन मोठे कॅमेरे, ड्रोन, आठ संगणक, आवाज बाहेर जाणार नाही अशी खोली. यादी आम्ही तिघांनीही नीट वाचली. वस्तू चांगल्याच आहेत. पण त्या यादीत एक गोष्ट कुठंच नव्हती. सिनेमा बघायचा कुठं आणि केव्हा, याचा उल्लेखच नाही.

आम्ही गेली काही वर्षं प्रोजेक्टर घेऊन महाविद्यालयांत जातो, मुलांसोबत सिनेमे बघतो आणि त्यावर बोलतो. अशाच एका महाविद्यालयात, नाव घेत नाही, आम्हाला मोठ्या कौतुकानं स्टुडिओ दाखवला. कॅमेरा काचेच्या कपाटात होता, कपाटाला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते त्या दिवशी रजेवर. आम्ही एका मुलीला विचारलं, तू यावर किती शूटिंग केलंस? ती म्हणाली, "सर, हातात घेतला होता, फोटो काढायला." फोटो कॅमेऱ्यानं काढलेला नव्हे हं, कॅमेरा हातात धरून तिचा काढलेला. तो फोटो माहितीपत्रकात छापला होता.

यात कोणी वाईट माणूस नाही, बरं का. ज्यांच्याकडे किल्ली आहे त्यांच्या नावावर ती वस्तू नोंदलेली असते. लेन्सला ओरखडा गेला तर उत्तर त्यांनी द्यायचं. तपासणीला समिती आली की ती कॅमेरा मोजते. किती तास वापरला ते विचारत नाही. त्यामुळे कपाटातला कॅमेरा हाच सगळ्यांत सुरक्षित कॅमेरा ठरतो. फी मात्र त्या कॅमेऱ्याच्या नावानं घेतली जाते. ती भरणारा बाप धान विकून भरतो.

हे खूळ आलं कुठून? आपल्याकडे सिनेमाचं शिक्षण म्हटलं की डोळ्यांपुढे पुण्याची संस्था येते. १९६० मध्ये ती सुरू झाली ती प्रभात स्टुडिओच्या जागेत. म्हणजे भव्य शूटिंग फ्लोअर आधीपासून उभे होते, शाळा त्यात नंतर आली. आपण सगळे नकळत तेच चित्र लहान करून काढू बघतो. फ्लोअरच्या जागी दहा बाय पंधराची खोली, आणि झाला स्टुडिओ. पण पुण्यातल्या त्या परंपरेची दुसरी बाजूही होती. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं. तिथं पी. के. नायर जुन्या प्रिंट्स गोळा करत होते, आणि सतीश बहादूर 'पथेर पांचाली'सारखा सिनेमा दृश्यादृश्यानं उलगडून शिकवत होते. ही बाजू लहान करायला खर्च जवळजवळ नाही. एक खोली, एक पडदा, दोन चांगले स्पीकर आणि शिकवणारा माणूस.

खेड्यात हे चालतं का, अशी शंका तुमच्या चेहऱ्यांवर दिसतेय. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं गाव आहे, सुपारीच्या बागांचं. तिथं के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम'नं नाटकाबरोबर चित्रपट-रसास्वादाची शिबिरं घेतली. बहादूर आणि नायर तिथवर गेले, आणि गावातल्या माणसांनी जगभरातले सिनेमे पाहिले, त्यांवर वाद घातले. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथं आधी प्रेक्षक तयार झाला, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्या मराठीतलं उदाहरण, जे तुम्ही सगळे वाट बघत बसलाय. नागराज मंजुळे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकत असताना, विद्यार्थी म्हणून केलेला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग 'फँड्री', मग 'सैराट'. त्याच महाविद्यालयात शिकलेल्या भाऊराव कऱ्हाडेंनी 'ख्वाडा' केला, त्यासाठी जमीन विकली. दोन्ही नावं आज प्रत्येक माध्यम विभागाच्या जाहिरातीत आशेसारखी वापरली जातात, आणि इथं जरा थांबायला हवं.

महाविद्यालयानं मंजुळे घडवले असं म्हणणं खोटं आहे. त्या माणसानं आधी मराठीत एम.ए. केलं होतं, तो कविता लिहीत होता, आणि जे जगला ते कुठल्या सत्रपरीक्षेत बसत नाही. 'पिस्तुल्या'त भटक्या समाजातला एक पोरगा आहे. शाळेची ओढ त्याला आहे आणि घरची गरिबी त्याला चोरीकडे ढकलते. ही गोष्ट स्टुडिओत सापडत नाही. पण म्हणून महाविद्यालयाचं काहीच श्रेय नाही, असंही म्हणता येत नाही. सिनेमा करायला एक निमित्त लागतं, एक शेवटची तारीख लागते. वेड्यासारखं राबणारी चार पोरं लागतात आणि "हा शॉट जमला नाही" असं तोंडावर सांगणारा एखादा माणूस लागतो. अभ्यासक्रम एवढं देऊ शकतो, आणि हे थोडं नाही. घरी बसून एकट्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढणाऱ्या मुलाला नेमकं हेच मिळत नाही. तुमच्या यादीतली एकही वस्तू ते देत नाही, एवढंच आमचं म्हणणं.

'ख्वाडा'बद्दल अजून एक गोष्ट. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला, आणि सोबत आणखी एक पुरस्कार मिळाला तो प्रत्यक्ष जागेवर घेतलेल्या ध्वनीसाठी. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची गोष्ट. तिथं माणसाचं बोलणं, वारा आणि मेंढरांचा आवाज एकमेकांत मिसळलेले आहेत म्हणून तर ते जग खरं वाटतं. आता आम्ही विदर्भातल्या विद्यार्थ्यांचे जे लघुपट बघतो, त्यांचं चित्र बहुतेक वेळा ठीक असतं, हल्ली साधा फोनही चांगलं चित्र देतो. आवाज मात्र मार खातो. पंखा घरघरतो, शब्द ऐकू येत नाहीत. मग मुलं घरी जाऊन पुन्हा संवाद म्हणतात, आणि त्या वेळी एक गंमत होते. गंमत कसली, दुःखच. बांधावर उभा असलेला म्हातारा अचानक पुण्याच्या निवेदकासारखा बोलायला लागतो.

तुमची झाडीबोली आहे. तिच्यात 'ळ' नाही, डोळ्याला इथली आजी 'डोरा' म्हणते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर ही बोली अभ्यासली. आणि इथलाच मुलगा माईकपुढे उभा राहिला की 'डोळा' म्हणायला धडपडतो, कारण सिनेमात असंच बोलतात अशी त्याची समजूत. ही समजूत मोडणं हा माध्यम शिक्षणाचा पहिला धडा असायला हवा, असं आम्हाला वाटतं. त्याला लागणारी वस्तू म्हणजे एक बरा माईक, एक लांब काठी आणि कानाला लावायचे हेडफोन. ड्रोनपेक्षा स्वस्त.

आणि मंडळी, तुम्ही ज्या भागात राहता तिथं दिवाळीनंतर काय होतं? मंडई भरते, आणि रात्री नाटक उभं राहतं. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या येतात, गावाबाहेर मंडप पडतो आणि पहाटेपर्यंत माणसं हलत नाहीत. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नटांना भर थंडीत हजारो माणसांपर्यंत आवाज पोचवता येतो, वादकाला नेमक्या क्षणी ठोका देता येतो, पडद्यामागच्या पोराला दिवा केव्हा मंद करायचा ते कळतं. अभिनय, प्रकाश, ध्वनी, तिकीटविक्री, जाहिरात, सगळा अभ्यासक्रम तिथं दरवर्षी फुकट मांडला जातो. आणि त्याच दिवसांत आमची मुलं वर्गात बसून हॉलिवूडच्या संकलनाच्या व्याख्या पाठ करत असतात. एका मंडळीबरोबर पंधरा रात्री फिरा, रंगपटात बसा, एक माहितीपट करा. नाटकाची भडक बाजूही दिसेल, अश्लील म्हणून ओरडलं जातं तेही दिसेल, त्यावरही बोला. नुसतं कौतुक करणारा माहितीपट कोणाला हवाय?

समोरून एक चिठ्ठी आली आहे. "सर, हे सगळं ठीक, पण नोकरी?" रास्त प्रश्न आहे. खरं सांगायचं तर या अभ्यासक्रमानंतर बहुतेक मुलं लग्नाचं शूटिंग करतात, काही स्थानिक वाहिनीला बातम्या देतात, काही नागपूर-पुण्याला संकलनाच्या टेबलावर बसतात. त्यात कमी काही नाही. लग्नात दुसऱ्यांदा घ्या म्हणता येत नाही, अंतरपाट एकदाच दूर होतो. ते नीट टिपणारा माणूस कारागीर आहे. फक्त प्रवेशाच्या वेळी त्याला मंजुळेंचा फोटो दाखवायचा आणि तीन वर्षांनी लग्नाच्या मंडपात सोडायचं, यात फसवणूक आहे. माहितीपत्रकात लग्नाचं शूटिंगही लिहा ना. त्यातला हिशेब, करार, आगाऊ रक्कम कशी घ्यायची, हेही शिकवा.

आता वेळापत्रकाचं. सगळ्यांत कोरडा मुद्दा, पण आम्हाला सगळ्यांत जास्त छळणारा. आम्ही जिथं जिथं गेलो तिथं उत्साही मुली वर्गात पुढं बसलेल्या होत्या आणि लघुपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव 'वेशभूषा'पुढं होतं. कारण शूटिंग संध्याकाळी, संकलन रात्री, आणि गावाकडची शेवटची एसटी त्याच्या आधी. मुलगा मोटरसायकलनं थांबतो, मुलगी बस पकडते, आणि कॅमेरा आपोआप मुलाच्या हातात जातो. याला कोणी नियम केलेला नाही. पण संगणकाची खोली सकाळी आठला उघडली तर निम्मा प्रश्न सुटतो. कॅमेरा दोन दिवसांसाठी घरी नेता आला, वहीत सही करून, ग्रंथालयातल्या पुस्तकासारखा, तर उरलेलाही बराचसा. पडला, फुटला तर? फुटेल कधीतरी. ग्रंथालयात पुस्तकंही फाटतात. म्हणून तर आम्ही म्हणतो, एका महागड्या कॅमेऱ्याच्या पैशांत साधे चार घ्या, आणि दुरुस्तीसाठी थोडे पैसे पहिल्याच वर्षी बाजूला ठेवा. संकलनाची चांगली सॉफ्टवेअर फुकट मिळतात, तिथं खर्च करू नका.

तुमच्या यादीवर आम्ही पेन्सिलनं खुणा केल्या आहेत, ती प्राचार्यांकडे देतो. ड्रोन खोडला आहे. हिरवा पडदा नाही खोडला, शिंप्याकडून शिवून घ्या असं लिहिलंय. वर एक ओळ वाढवली आहे: दर बुधवारी सकाळी एक सिनेमा, त्यानंतर एक तास बोलणं, हजेरी नाही.

आता मागची खिडकी कोणीतरी लावून घ्या, उजेड येतोय. 'पिस्तुल्या' लहानसाच आहे, दोनदा बघू. पहिल्यांदा नुसता बघायचा. दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐकायचा, आणि काय ऐकू आलं ते ज्याच्या त्याच्या बोलीत सांगायचं. ज्यांची बस लवकर आहे त्यांनी पुढं बसा, त्यांना आधी विचारू.