हातपंपाच्या आधीची यादी

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या शिबिरात आम्ही संजय लीला भन्साळी यांचा 'ब्लॅक' (२००५) हा हिंदी चित्रपट दाखवला. दिवे लागले तेव्हा बरेच जण डोळे पुसत होते. चर्चा काही सुरू होईना. मग मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारले, "तो पाण्याचा क्षण साधारण किती दिवसांत येतो हो?"

बाईंच्या शाळेच्या पटावर नऊ वर्षांची एक मुलगी आहे. जन्मापासून तिला जवळजवळ ऐकू येत नाही आणि दिसते ते अगदी थोडे, तेही समोरचे. ती शाळेत येत नाही. बाईच आठवड्यातून एकदा तिच्या घरी जातात. तीन महिने त्या तिच्या तळहातावर बोटाने 'पाणी' ही अक्षरे गिरवत होत्या, आणि काहीच घडत नव्हते. चित्रपट पाहून त्यांची खात्री झाली होती की जिद्दीत आपणच कमी पडलो, किंवा आपण पुरेशा कडक नाही.

एक कलाकृती पाहून एखादी चांगली शिक्षिका असा निष्कर्ष काढत असेल, तर ती कलाकृती तपासून पाहायला हवी असे आम्हाला वाटले.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. हेलन केलर १८८० साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात जन्मली. एकोणीस महिन्यांची असताना आजारात तिची दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेले. ३ मार्च १८८७ रोजी वीस वर्षांची अ‍ॅन सलिव्हन तिला शिकवायला आली. ५ एप्रिलला पंपाच्या धारेखाली हात असताना 'वॉटर' या शब्दाचा अर्थ हेलनला उमगला. मधले दिवस ३३. शाळेच्या परिपाठात सांगायला याहून सोयीची गोष्ट मिळणे कठीण.

विल्यम गिब्सन यांनी यावर 'द मिरॅकल वर्कर' हे नाटक लिहिले. ते १९५९ साली ब्रॉडवेवर आले आणि १९६२ साली त्याचा चित्रपट झाला. नावातच चमत्कार आहे. नाटकाची सगळी चढण झटापटीची आहे. जेवणाच्या टेबलावर मुलगी पाण्याने भरलेले भांडे रिकामे करते, शिक्षिका तिला ओढत अंगणात नेते, ते पुन्हा भरायला लावते आणि त्या झटापटीतून शब्द फुटतो. 'ब्लॅक'ने हाच आराखडा घेऊन त्याला आणखी धार लावली. वडील वीस दिवसांसाठी घराबाहेर, शिक्षकाच्या हाती तेवढीच मुदत, थपडा, फरफट, आणि शेवटच्या दिवशी मुलीला कारंज्यात ढकलल्यावर साक्षात्कार. प्रेक्षक म्हणून आपण श्वास रोखून बसतो. शिक्षक म्हणून मात्र आपल्या मनात नकळत एक सूत्र बसते: पुरेसा दाब दिला की भाषा फुटते.

आता खुद्द सलिव्हन काय लिहितात ते पाहू. हेलनचे आत्मचरित्र १९०३ साली पुस्तकरूपाने निघाले, तेव्हा सलिव्हन यांनी त्या दिवसांत लिहिलेली पत्रे त्याच्या सोबतच छापली होती. मुलांसाठी गोष्ट लहान करताना पहिली कात्री लागते ती या पत्रांना. आमच्या मते पुस्तकाचा शिक्षकांनी वाचावा असा भाग तोच आहे.

त्या पत्रांत बळजबरी नाही असे नाही. न्याहारीच्या टेबलावरची लढाई खरोखर झाली, आणि आधी आज्ञापालन, मग शिक्षण अशी त्या वेळी सलिव्हन यांची समजूत होती. पण पंपाच्या सकाळी लढाई नव्हती. हेलन हात-तोंड धूत होती आणि पाण्याला काय म्हणतात ते तिला हवे होते. एखाद्या वस्तूचे नाव हवे असले की ती त्या वस्तूकडे बोट दाखवून बाईंच्या हातावर थोपटत असे. तसे तिने त्या सकाळी केले. म्हणजे प्रश्न मुलीचा होता! मग सलिव्हन यांना सुचले की मग आणि दूध यांच्याशी होणारा या शब्दाचा घोटाळा पंपावर सुटेल, आणि दोघी तिकडे गेल्या. (हेलनच्या स्वतःच्या आठवणीत त्या दिवशी तिने बाहुली फोडल्याचा प्रसंग आहे, पण पंपाकडे ती खुशीत गेली, हे तीही सांगते.)

याहून महत्त्वाची आहे ती ३१ मार्चची यादी. हेलनला त्या दिवशी अठरा नामे आणि तीन क्रियापदे येत होती. बाहुली, टाचणी, किल्ली, कुत्रा, टोपी, दूध अशी ही यादी आहे. आणि तीत 'वॉटर' हा शब्द आहेच. पंपाच्या पाच दिवस आधी! म्हणजे पंपावर शब्द शिकला गेला नाही. बोटांच्या त्या हालचाली आधीच हातात बसल्या होत्या. त्या हालचालीला नाव म्हणतात, आणि प्रत्येक गोष्टीला असे नाव असते, एवढे त्या सकाळी जुळले. जुळायला आधी काहीतरी साठलेले असावे लागते.

ते तिच्याजवळ बरेच साठले होते. एकोणीस महिने तिने भाषा ऐकली होती. पाण्यासाठी 'वा-वा' असा उच्चार तर आजारानंतरही ती करत असे. सलिव्हन येण्यापूर्वी तिने स्वतःच्या खुणा बनवल्या होत्या. पाव हवा तर ती काप करून लोणी लावण्याची नक्कल करी, आइस्क्रीम हवे तर यंत्र फिरवून कुडकुडून दाखवी. नाटक-सिनेमातली मुलगी मात्र अंधारात चाचपडणारे जंगली पोर असते, कारण त्याशिवाय चमत्कार उठून दिसत नाही.

पंपानंतर सलिव्हन यांनी जे केले ते रंगभूमीला निरुपयोगी, पण वर्गाला फार मोलाचे आहे. हेलनची पंधरा महिन्यांची एक भावंड-मुलगी त्यांनी निरखली. तिला बोलता येत नव्हते, पण सांगितलेले बरेच कळत होते. तिला कुणी ठरावीक वेळी शब्द शिकवत नव्हते. घरची माणसे तिच्याशी बोलत होती, इतकेच. सलिव्हन यांनी तासाचे धडे बंद केले आणि बाळाच्या कानाशी आपण जसे बोलतो तसे हेलनच्या हातात, पूर्ण वाक्यांत, दिवसभर बोलायला सुरुवात केली. पुढे कॉलेजातली व्याख्यानेही त्यांनी तशीच तिच्या हातात उतरवली. १९०४ साली हेलन पदवीधर झाली. १९३६ साली सलिव्हन वारल्या, तोपर्यंत ही सोबत टिकली. एका विद्यार्थिनीसाठी एक शिक्षिका, एकोणपन्नास वर्षे. चमत्काराची गोष्ट सांगताना हा हिशेब कुणी मांडत नाही.

'ब्लॅक'च्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. माणसे हातातून गप्पा मारू शकतात, हे आपल्याकडच्या असंख्य प्रेक्षकांनी त्यात पहिल्यांदा पाहिले. स्मृती गेलेल्या शिक्षकाला मिशेल पुन्हा शब्द शिकवते, तो भाग हेलनच्या चरित्रात नाही आणि तोच आम्हाला सर्वांत खरा वाटला. तिथे घाई नाही.

पण बाईंच्या घरची मुलगी हेलन नाही. दिसणे आणि ऐकणे दोन्ही इतके कमी, की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, अशा मुलांना बधिरांध म्हणतात. त्यांतील बहुतेकांना थोडे दिसते किंवा थोडे ऐकू येते. अनेक जण जन्मतःच तसे असतात. गरोदरपणात आईला झालेला रुबेला हे त्याचे एक कारण आहे. (आपल्या देशात गोवराबरोबर रुबेलाची लस सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून आली.) या मुलांनी भाषा कधी ऐकलेलीच नसते. त्यांच्या तळहातावर अक्षरे गिरवणे म्हणजे जोत्याआधी कळस चढवणे.

अशाच मुलांबरोबर नेदरलँड्समध्ये यान व्हान डाइक यांनी १९६० च्या दशकात काम केले. मुलाला मांडीत घेऊन त्याच्याबरोबर डुलायचे, मग थांबायचे आणि वाट पाहायची. मुलाने अंग किंचित पुढे ढकलले तर ते 'अजून' असे म्हणते आहे, आणि ते मानून पुन्हा डुलायचे. पुढे वस्तू येतात. अंघोळीआधी दर वेळी तोच मग हातात द्यायचा, जेवणाआधी तीच वाटी. हळूहळू मग म्हणजे अंघोळ होते. मग दिवसभरातल्या कामांच्या वस्तू ओळीने खणांत मांडायच्या, म्हणजे पुढे काय होणार ते मुलाला हाताने कळते आणि भीती कमी होते. आपण कोण हेही सांगावे लागते: आलो की आपली बांगडी किंवा घड्याळ तिच्या हाताला लावायचे. आणि मुलाचा हात धरून ओढायचा नाही. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवायचा, म्हणजे सोडायचे की धरायचे हे त्याच्याकडे राहते. कारंज्याच्या प्रसंगाच्या हे अगदी उलटे आहे.

मुंबईत हेलन केलर यांच्या नावाची संस्था १९७७ पासून बधिरांध मुलांसाठी काम करते आहे, तर अहमदाबादेत 'सेन्स इंटरनॅशनल इंडिया' १९९७ पासून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अपंगत्वाचा नावाने उल्लेख आहे, आणि अशा मुलांना त्यांना योग्य अशा भाषेत व संवादाच्या माध्यमांतून शिक्षण मिळावे असेही त्यात म्हटले आहे. कायदा गावातल्या बाईंपर्यंत पोचायला वेळ लागतो. सिनेमा त्याआधी पोचतो.

कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट जोडतो. वर्गातले एखादे मूल संध्याकाळ झाली की अडखळते, कडेच्या वस्तूंना धडकते, अंधुक उजेडात खुणांची भाषा त्याला कळेनाशी होते. त्याला वेंधळे म्हणण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावे. अशर सिंड्रोम या आनुवंशिक विकारात बहिरेपण आधी असते आणि दृष्टी पुढे कडेकडून आकसत जाते. आधी कळले तर स्पर्शाची भाषा दिसत असतानाच शिकता येते.

पुढचे शिबिर दिवाळीनंतर आहे. 'ब्लॅक' पुन्हा दाखवायचा की नाही यावर आमच्यात एकमत नाही. ३१ मार्चची यादी मात्र फळ्यावर लिहायची आणि तीतला 'वॉटर' शोधायला सांगायचे, एवढे ठरले आहे.

मध्यंतरी बाईंचे पत्र आले. अक्षरे त्यांनी सोडून दिली आहेत. दोन महिने अंघोळीआधी मग हातात देणे चालू होते. एका दुपारी मुलगी स्वतःच मग शोधून घेऊन आली आणि आईच्या मांडीवर ठेवून उभी राहिली. त्या दिवशीची अंघोळ सकाळीच झाली होती. आईने पुन्हा पाणी तापवले.