टॉल्किन आणि महायुद्ध : तीन ग्रंथांविषयी

जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) ही अद्‌भुतकथा वाचून ‘अंगठी म्हणजे अणुबाँब’ असा उलगडा करण्याचा मोह उपदेशकास सहज होतो. लेखकाने मात्र आपली कथा युद्धाचे रूपक असल्याचे स्पष्टपणे नाकारले होते. युद्धाने त्यांच्याकडून काय हिरावून नेले, हे ज्यास समजून घ्यावयाचे आहे त्याने जॉन गार्थ यांचा ‘टॉल्किन अँड द ग्रेट वॉर’ (२००३) हा ग्रंथ प्रथम वाचावा.

शाळेतील चार जिवलग मित्रांची ही हकीकत आहे. रॉब गिल्सन १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी पडला, जी. बी. स्मिथ ३ डिसेंबरला जखमांनी मरण पावला. आपण मेलो तर आपले सांगावयाचे राहिलेले तू सांग, अशा आशयाचे पत्र त्याने टॉल्किन यांना आधीच लिहून ठेवले होते. संदेशवहन अधिकारी असलेले टॉल्किन खंदकज्वराने नोव्हेंबरात मायदेशी परतले आणि आजारपणातच ‘गोंडोलिनचा पाडाव’ लिहू लागले. हा भाग गार्थ यांनी फार संयमाने लिहिला आहे. टॉल्किन यांच्या कॅथलिक श्रद्धेकडे मात्र त्यांचे लक्ष कमी. ती उणीव हम्फ्री कार्पेंटर यांचे चरित्र (१९७७) भरून काढते. धर्मांतरामुळे आप्तांचा रोष पत्करणारी आई १९०४ मध्ये वारली व फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी मुलांचा सांभाळ केला, हे त्यात सविस्तर आहे.

कथेतील सॅम हा सेवक आपण युद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांचे व अर्दलींचे प्रतिबिंब आहे, हे टॉल्किन यांचे म्हणणेही कार्पेंटर नोंदवितात. खानापूर-बेळगावकडील सेवकांनी येथे अंमळ थांबावे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावातच आहे. टॉल्किन फ्रान्सला पोहोचण्यापूर्वी जेमतेम पाच आठवडे, २९ एप्रिल १९१६ रोजी, मेसोपोटेमियात कूत येथे जे सैन्य शरण गेले त्यात मराठा पलटणीही होत्या. पेन्शनीत आलेल्या शिपायाच्या ओसरीवर बसून त्याचे मौन ऐकणे हा आपल्याकडील पाळकाच्या कामाचाच भाग होय. या शिपायांना गार्थ मिळालेला नाही.

तिसरा ग्रंथ पत्रांचा (१९८१). तो जाड आहे व त्यातील भाषाशास्त्र सर्वांस रुचेलच असे नाही. परंतु विमानदलात असलेल्या पुत्रास, ख्रिस्तोफरला, १९४४ मध्ये लिहिलेली पत्रे तरी वाचावीतच. स्वतःचा देश लढत असता, कथेत ‘ऑर्क’ एका बाजूस असले तरी प्रत्यक्षात ते दोन्हीकडे असतात, असे हा पिता आपल्या सैनिक मुलास लिहितो.